‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ : अठराव्या आठवड्यातली एक दाढ

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गर्भवतीचा उल्लेख ‘सौ. म.’ असा केला आहे.

पार्श्वभूमी

सौ. म., वय २८, पहिलंच गर्भारपण. सासर इंदूरच्या रामबाग भागात, माहेर देवासला. घरीच शाळेच्या मुलांच्या शिकवण्या. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात, सकाळी लवकर निघून रात्री परतणारा. घरात तिसऱ्या सासूबाई.

सातव्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या, दिवसाला चार-पाच. सकाळी ब्रश तोंडात घातला की उमासा यायचा, म्हणून सकाळचं दात घासणं बंद पडलं. रात्रीचं आधीपासूनच नव्हतं. मळमळ थांबावी म्हणून चिंचेच्या आणि अनारदाण्याच्या आंबट-गोड गोळ्या जवळ असत. गोळी चावायची नाही, उजव्या गालात धरून विरघळू द्यायची. दिवसाला सात-आठ. पहाटे पोटात खड्डा पडला की उशाशी ठेवलेले टोस्ट, आणि संध्याकाळी शेव, कारण इंदुरी घरात शेवेचा डबा रिकामा नसतो.

अकराव्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. ब्रशच्या केसांना लाल दिसलं तशी सौ. म. घाबरल्या आणि ब्रश पूर्ण सोडून बोटाने मंजन लावू लागल्या. सासूबाईंचं म्हणणं, “पोरी, एका बाळंतपणात एक दात जातोच. माझ्या दोन गेल्या.” त्यांच्या दोन दाढा खरोखरच गेलेल्या होत्या, त्यामुळे समोर पुरावाच होता.

दरम्यान नवऱ्याने फ्लोराइडवाली पेस्ट बंद करून ‘बिनफ्लोराइड’ची आणली होती. त्यालाही कारण होतं. पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. कारखान्यात धार-झाबुआच्या खेड्यांतून येणाऱ्या काही कामगारांचे दात तपकिरी, ठिपक्यांचे त्याने रोज पाहिलेले. ते दात बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे, लहानपणी दात घडत असताना वर्षानुवर्षं प्यायलेल्या पाण्याचे. वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकून टाकणाऱ्या मोठ्या माणसाला त्याचा धोका नाही. आपल्याकडे पेस्टमधलं फ्लोराइड तसंही १००० पीपीएमच्या (दहा लाखात हजार भाग) वर नेता येत नाही. पण हे कुणी सांगितलं नाही, आणि आंबटाने झिजणाऱ्या दातांना ज्याची सर्वांत जास्त गरज होती तेच नेमकं घरातून गेलं.

अडचण कशी वाढली

सोळाव्या आठवड्यात उजवीकडच्या खालच्या दाढेला गार पाणी झोंबू लागलं. सतराव्यात कळ रात्रीची यायला लागली. आडवं झालं की वाढायची, बसलं की थोडी उतरायची. लवंगेच्या तेलाचा बोळा थेट दाढेजवळ दाबून ठेवला, पण तेल पाझरून शेजारच्या हिरडीला लागलं आणि तिथे पांढरा, सोललेला चट्टा उठला. नुसतं, न मिसळलेलं लवंगतेल हिरडी भाजतं. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या गोळीत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही होतं. दोन दिवसांत अशा पाच गोळ्या झाल्या. घरात कुणी पाकीट वाचलं नाही, दुकानदाराने विचारलं नाही, आणि सांगावं असं सौ. म. यांनाही वाटलं नाही, कारण ‘दाताची गोळी’ आणि गर्भ यांचा संबंध डोक्यातच नव्हता.

मग घराजवळच्या एका दंतवैद्याकडे गेल्या. त्यांनी आरसा फिरवून सांगितलं, “पाच महिने झालेत, आता हात नको लावायला. बाळंतपण होऊ दे.” पाच दिवसांचं प्रतिजैविक लिहून दिलं. दोन दिवसांत काही फरक नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं तर उत्तर आलं, “दातांचं ते दंतवैद्यच सांगतील.” दंतवैद्याकडे पुन्हा फोन, तर, “मॅडमकडून लेखी आणा.” चार दिवस हा चेंडू इकडून तिकडे. त्या चार रात्रींत झोप मिळून पाच-सहा तास.

या टप्प्यावर थांबून एक गोष्ट सांगायला हवी. ‘थांबू या’ हा निर्णय सावध दिसतो म्हणून कुणी त्याचा हिशेब मागत नाही. उपचार केला आणि काही झालं तर बोट उपचाराकडे जातं. न करता काही झालं तर नशिबाकडे. म्हणून दोन्ही डॉक्टरांना थांबणं सोयीचं वाटलं. पण नस सुजलेली दाढ वीस आठवडे थांबत नाही. ती मरते, मुळाशी पू धरते, आणि मग गालावर सूज, ताप, तोंड न उघडणं हे सगळं सातव्या-आठव्या महिन्यात येतं, जेव्हा खुर्चीवर नीट पडताही येत नाही.

तपासणीत काय दिसलं

दुसऱ्या दवाखान्यात सौ. म. गेल्या तेव्हा अठरा आठवडे तीन दिवस भरले होते.

दाढ: उजवीकडची खालची पहिली दाढ, चावण्याच्या पृष्ठभागापासून मागच्या बाजूपर्यंत खोल कीड. गार बोळा लावून काढल्यावरही कळ अर्ध्या मिनिटाच्या वर टिकली, ठोकल्यावर दुखलं. गारवा काढला की लगेच थांबणारी कळ असती तर नस वाचवायचा प्रयत्न करता आला असता. ही पुढे गेलेली होती. प्रतिजैविकाने फरक का पडला नाही, तेही यातच आहे. ही कळ दाताच्या बंद कवचात सुजलेल्या नसेची. तिथे औषध धड पोहोचत नाही, आणि पसरलेला जंतुसंसर्ग तर नव्हताच. ताप नाही, गालावर सूज नाही, मानेत गाठ नाही.

हिरड्या: जवळपास सगळीकडे लाल, फुगीर, काडी लावताच रक्त. दात आणि हिरडी यांच्यामधले खिसे ४ ते ५ मिलिमीटर खोल. गर्भारपणात प्रोजेस्टेरोन आणि इस्ट्रोजेन वाढतात, हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि पाझरू लागतात. शिवाय हिरडीखालच्या काही जंतूंना हीच संप्रेरकं खाद्यासारखी उपयोगी पडतात. त्यामुळे एरवी ज्या मळाने हिरडी थोडी लाल झाली असती, त्याच मळाने ती आता भळभळते. संप्रेरकं रोग निर्माण करत नाहीत, असलेला वाढवतात. मळ नसेल तर हिरडी शांतच राहते, आणि मळ काढणं हातातलं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा आकडा सांगतो की गर्भवतींपैकी ६० ते ७५ टक्क्यांना ही सूज येते. म्हणजे हे दुर्मीळ नाही, फक्त विचारलं जात नाही.

गाठ: वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधल्या हिरडीवर ७ मिलिमीटरची, तुतीसारखी लाल, मऊ गाठ. घरात हिच्यामुळे सर्वांत जास्त घबराट होती, कारण ‘गाठ’ या शब्दाने सासूबाईंना कॅन्सर आठवला. गर्भारपणात हिरडीवर येणारी ही वाढ कॅन्सर नाही. बहुधा वरच्या पुढच्या दातांमध्येच येते आणि तिच्या बुडाशी बऱ्याचदा कीटणाचा, म्हणजे घट्ट झालेल्या मळाचा, एखादा खडा सापडतो. इथेही सापडला.

वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत, किंचित पिवळट झालेली होती. उलटीतलं आम्ल तिथेच आदळतं.

समोर असलेले पर्याय

पहिला, औषधांवर ढकलत नेणे. पॅरासिटामॉल आणि वाट पाहणे. कळ दबते, दाढ सडतच राहते. नाकारला.

दुसरा, दाढ काढणे. एका बैठकीत प्रश्न संपतो, खर्च कमी, एक्स-रेही एकच. सासूबाईंचा कल इकडे होता: “काढून टाका, सूनबाईची झोप तरी होईल.” पण दाढेची मुळं भक्कम होती, वय २८, आणि पहिली दाढ चावण्याचा मुख्य आधार. पैशाची किंवा वेळेची अडचण असती तर हा पर्याय चुकीचा ठरला नसता. इंदूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे कमी खर्चात रूट कॅनाल होऊ शकतं, हेही घरच्यांना सांगण्यात आलं.

तिसरा, दाढ उघडून नस काढायची, आत औषध भरून वरून बंद करायची आणि बाकीचं रूट कॅनाल दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत पुरं करायचं.

चौथा, एकाच बैठकीत सगळं. दीड तासाची बैठक. चार रात्री न झोपलेल्या, मळमळणाऱ्या बाईला झेपणारी नव्हती.

तिसरा निवडला. चौदा ते वीस आठवड्यांचा काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा असतो: उलट्या ओसरलेल्या असतात आणि पोट अजून अडवत नाही. पण सोयीचा म्हणजे एकमेव नव्हे. तीव्र वेदना किंवा पू असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करायचे.

हिरड्यांच्या सफाईबद्दल दोन मतं घरात नव्हती, कारण कुणालाच ती महत्त्वाची वाटत नव्हती. दवाखान्याला वाटत होती. गाठ कापायची की ठेवायची? गर्भारपणात कापली तर रक्त बरंच जातं आणि पुन्हा येण्याची शक्यता मोठी. खाताना चावली जात असती किंवा रक्त थांबत नसतं तर कापावी लागली असती. सध्या ठेवायची, बुडचा खडा काढायचा.

एक्स-रेवर सर्वांत लांब चर्चा झाली. एका लहान डिजिटल दंत एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग साधारण आपल्याला एका दिवसात जमीन, आकाश आणि अन्नातून मिळतो त्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. आणि झोत जबड्याकडे असतो, पोटाकडे नाही. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच लिहून ठेवलं आहे की गरजेचे दंत एक्स-रे आणि जागा बधिर करणारी लिडोकेनची (आपल्याकडे लिग्नोकेन) सुई, अॅड्रेनलिनसह असली तरी, गर्भारपणात चालते. शिशाचा एप्रन आता गरजेचा नाही, असं २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने सांगितलं. तरी इथे घातला. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि तो एप्रन त्यांच्यासाठी होता.

चिठ्ठी

चेंडू थांबला तो एका चिठ्ठीने. आधीच्या निरोपात प्रश्न होता, ‘गरोदर आहे, दाताचा उपचार चालेल का?’ असल्या प्रश्नाला कुठलाही सावध डॉक्टर ‘नंतर’ म्हणेल. नवी चिठ्ठी अशी होती:

“गर्भ १८ आठवडे, पहिला. उजव्या खालच्या पहिल्या दाढेची नस सुजली आहे, रात्री झोप नाही. आज करायचे: एक लहान एक्स-रे; २ टक्के लिग्नोकेन अॅड्रेनलिनसह, जास्तीत जास्त ५ मिलिलिटर; दाढ उघडून नस काढणे. पुढे हिरड्यांची सफाई. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. गेल्या आठवड्यात आयबुप्रोफेनच्या ५ गोळ्या झाल्या आहेत. कळवावे: रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्तस्राव किंवा वार (प्लासेंटा) खाली असल्याची नोंद, अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का.”

वीस मिनिटांत उत्तर आलं. रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन १०.२, प्लेटलेट १ लाख ९० हजार, अॅस्पिरिन नाही, अडचण नाही, करावे. प्लेटलेट मुद्दाम विचारले होते. हिरडीतून रक्त म्हणजे हिरडीचाच रोग असं गृहीत धरून चालत नाही. क्वचित प्लेटलेट खाली आलेले असतात. अॅस्पिरिन चालू असतं तरी सफाईसाठी ते बंद केलं नसतं, फक्त रक्त थांबवायला जास्त वेळ हाताशी ठेवला असता.

आयबुप्रोफेनबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांनी अॅनॉमली सोनोग्राफीत (बाळात काही दोष आहे का ते पाहणाऱ्या) गर्भजल पाहिलं, ते ठीक होतं. विसाव्या आठवड्यानंतर या जातीच्या गोळ्यांनी गर्भजल कमी होऊ शकतं असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला आहे. सौ. म. त्या रेषेच्या अलीकडे होत्या, पण दोन-तीन आठवड्यांनीच.

काय केलं

वेळ सकाळी साडेअकराची, कारण मळमळ तेव्हा सर्वांत कमी. येताना खाऊन यायला सांगितलं.

खालच्या जबड्याच्या नसेला सुई, १.८ मिलिलिटर, सुई रक्तवाहिनीत नाही ना हे ओढून पाहून, सावकाश. ओठ बधिर झाला, पण दाढ उघडताच कळ आली. सुजलेल्या खालच्या दाढेत असं वारंवार होतं. ओठ बधिर झाला म्हणजे दाढ झाली असं नाही. ‘गरोदर आहे, आणखी सुई नको’ म्हणून दुखत ठेवून काम रेटणं हे इथलं मोठं आकर्षण असतं. तसं केलं नाही. गालाच्या बाजूने आणखी १ मिलिलिटर दिलं, सात मिनिटं थांबले. एकूण २.८ मिलिलिटर, म्हणजे ५६ मिलिग्रॅम लिग्नोकेन. मर्यादेच्या खूप खाली. वेदनेने शरीर स्वतः जितकं अॅड्रेनलिन सोडतं, त्यापुढे सुईतलं किरकोळ.

रबराचा पडदा लावून दाढ उघडली, मुळांतल्या तिन्ही नळ्यांतली नस काढली. मुळांची लांबी यंत्राने मोजली, त्यामुळे जादा एक्स-रे वाचले. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वर कापूस, त्यावर तात्पुरतं सिमेंट. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, लागलं तर दर सहा तासांनी, दिवसाला चारच्या वर नाही. प्रतिजैविक बंद. त्या रात्री सौ. म. सलग सात तास झोपल्या.

घरी करायच्या गोष्टी त्याच दिवशी कागदावर लिहून दिल्या, आणि खुर्चीजवळच्या आरशात करून दाखवल्या:

ब्रश लहान मुलांचा, मऊ केसांचा. मान पुढे झुकवून, नाकाने श्वास घेत, मागच्या दाढांपासून सुरुवात न करता पुढून मागे. फेस कमी करणारी, सौम्य चवीची, फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी. सकाळीच घासायला पाहिजे असा नेम नाही. दुपारी तीनला उमासा येत नसेल तर तीनला. झोपण्यापूर्वीचं मात्र सोडायचं नाही. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून हलके गोल, आणि रक्त आलं तरी थांबायचं नाही. पहिले तीन-चार दिवस रक्त वाढल्यासारखं वाटतं, आठ-दहा दिवसांत कमी होतं.

उलटी झाल्यावर लगेच घासायचं नाही. आम्लाने मऊ झालेला थर ब्रश खरवडून नेतो. एक पेला पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून चूळ, मग निदान अर्धा तास थांबून ब्रश.

क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्के, बिनअल्कोहोलचं औषध, १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. पेस्टनंतर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधला फेसाचा पदार्थ त्याचा असर मारतो. चौदा दिवसांच्या पुढे नाही. दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि वरून चहा असेल तर लवकर पडतात.

गोळ्यांच्या जागी फुटाणे किंवा भाजलेले मखाणे. कैरी, चिंच खायचीच असेल तर जेवणात एकदाच, दिवसभर गालात नाही. पहाटेचा टोस्ट राहू दिला, फक्त नंतर पाण्याची चूळ. खाणंच बंद करा असं सांगितलेला कागद कुणी पाळत नाही.

कॅल्शियमबद्दल सासूबाईंनी विचारलं. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या आहारातून आणि गरज पडली तर हाडांतून जातं, दातांतून नाही; दातातून ते काढून घ्यायची सोय शरीरात नाही. सौ. म. यांनी त्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवल्या. त्या हिरडीचं रक्त थांबवण्यासाठी नव्हेत, हेही त्यांना सांगितलं.

मध्येच काय बिघडलं

दुसरी बैठक आठवड्याने होती. घरी गौरी बसल्या. तीन दिवस, वर पाहुणे, सोळा भाज्या. बैठक चुकली आणि पुढची तारीख पंधरवड्यावर गेली. नवव्या दिवशी, फराळातला चिवडा खाताना, तात्पुरतं सिमेंट निघून पडलं.

दोष चिवड्याचा नव्हता. तात्पुरतं सिमेंट निदान साडेतीन-चार मिलिमीटर जाड असावं लागतं. इथे कापूस जरा जास्त भरला गेल्याने वर जेमतेम दोन मिलिमीटर उरलं होतं, आणि मागची भिंत किडीने गेलेली असल्याने त्याला टेकू नव्हता. सौ. म. यांनी फोन केला नाही. दुखत नव्हतं ना! नस काढलेली दाढ उघडी राहिली तरी दुखत नाही, म्हणून हे जास्त फसवं. सात दिवस लाळ आत जात राहिली.

वीस आठवडे पाच दिवसांनी पुन्हा बसल्या तेव्हा मुळं नव्याने धुवून, औषध भरून, वर ग्लास आयोनोमरचा, म्हणजे दाताला चिकटणाऱ्या जास्त टिकाऊ सिमेंटचा, जाड थर दिला. त्याच बैठकीत दुसरी गोष्ट घडली. उजव्या कुशीखाली दिलेली उशी सरकली आणि पंचवीस मिनिटं सौ. म. सपाट उताण्या राहिल्या. घाम, डोळ्यांपुढे अंधारी, “कसंतरीच होतंय.” विसाव्या आठवड्यानंतर उताणं पडलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. डाव्या कुशीवर वळवलं, दोन मिनिटांत ठीक. पुढच्या बैठकांना उशीऐवजी गुंडाळलेला टॉवेल, चिकटपट्टीने खुर्चीला लावलेला.

एकविसाव्या आठवड्यात मुळं भरून दाढ बंद झाली. बावीस आणि तेवीस आठवड्यांत हिरड्यांची सफाई, एकदा वरचा जबडा, एकदा खालचा, प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटं.

परिणाम

सव्वीसाव्या आठवड्यात काडी लावल्यावर रक्त येणाऱ्या जागा सुमारे तीन-चतुर्थांशांवरून एक-चतुर्थांशाखाली आल्या होत्या. चोविसाव्या आठवड्याची साखरेची तपासणी, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी, १२८ आली; १४० ची रेषा ओलांडली नव्हती. हिरड्या साफ करूनही सुधारत नसत्या तर हा आकडा पहिल्यांदा पाहावा लागला असता, कारण वाढलेली साखर आणि सुजलेली हिरडी एकमेकींना बिघडवतात.

गाठ मात्र लगेच गेली नाही. तिसाव्या आठवड्यात ती ९ मिलिमीटरची झाली आणि एका रात्री उशीवर रक्त दिसलं. सासूबाईंनी फोन लावला. स्वच्छ ओल्या कापडाची घडी गाठीवर दाबून पंधरा मिनिटं, मध्येमध्ये उचलून न बघता. थांबलं. कापण्याचा विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा पुढे ढकलला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी गाठ ३ मिलिमीटर उरली होती, तीन महिन्यांनी हिरडीवर जरासा फुगवटा.

संक्रांतीनंतर, अडतीस आठवडे पाच दिवसांनी मुलगी झाली, २.९ किलो. याचं श्रेय दातांच्या उपचाराला देण्याचा मोह टाळायला हवा. हिरडीचा रोग आणि वेळेआधी प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ८२३ गर्भवतींच्या चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने वेळेआधीच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. त्याच चाचणीत हेही दिसलं की उपचार सुरक्षित होता. ‘दात साफ करा, बाळ वेळेवर होईल’ असं सांगणं जितकं चूक, तितकंच ‘हात लावला तर बाळाला धोका’ हेही. सौ. म. यांना मिळालं ते झोप, जेवण आणि एक वाचलेली दाढ.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त संधी आठव्या आठवड्यात होती. पहिल्या तपासणीत ‘उलट्या होतात का’ हे विचारलं गेलं. ‘मग दात कसे घासता’ हे नाही. तेव्हा सोड्याची चूळ आणि लहान ब्रश एवढं कळलं असतं तर दाढेची कीड थांबली नसती, ती आधीचीच असणार, पण नसेपर्यंतचा प्रवास लांबला असता आणि हिरड्या इथवर आल्या नसत्या. दिवस राहायच्या आधी, लग्नानंतरच्या वर्षात एकदा दात पाहून घेतले असते तर ही नोंद लिहायचीच वेळ आली नसती.

पहिल्या दंतवैद्याने काम करायचं नव्हतं तरी दोन गोष्टी शक्य होत्या: कळीचं निदान लिहून देणं आणि प्रतिजैविक न देणं. त्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी फक्त ‘काहीतरी चालू आहे’ असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दवाखान्याकडूनही चुका झाल्या. पहिल्याच दिवशी ग्लास आयोनोमर वापरायला हवं होतं. तारीख देताना पंचांग पाहायला हवं होतं. रामबागेतल्या मराठी घरात गौरींच्या आठवड्यात कुठली सून दवाखान्यात येणार? आणि कागदावर एक ओळ कमी होती: ‘सिमेंट पडलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी फोन.’ सफाईही शेवटाला ढकलली गेली. वरच्या जबड्याची सफाई पहिल्या आठवड्यातच झाली असती तर गाठीच्या बुडाचा खडा महिनाभर आधी निघाला असता. ती तरीही वाढली असती का, यावर दवाखान्यात अजून एकमत नाही.

दाढेवर बसवायच्या टोपीबद्दलही (क्राउन) मतभेद आहेत. रूट कॅनाल केलेली, एक भिंत गेलेली दाढ टोपीशिवाय चिरू शकते. गर्भारपणात टोपी बसवायला वैद्यकीय अडचण काही नव्हती. सौ. म. यांनीच डोहाळजेवण, मग दिवाळी, मग देवासला माहेरी असं म्हणत ती पुढे नेली. टोपी बसली तेव्हा मुलगी अकरा आठवड्यांची होती. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तोवर डाव्या बाजूने खाल्ले गेले.